नापासकाका

जुनी गाडी बघायला एकटा जाणारा माणूस महाराष्ट्रात अजून जन्मायचा आहे. सोबत ‘गाडीतलं कळणारं’ कुणीतरी लागतंच. बहुतेक घरांत हा मान मेहुण्याकडे जातो. मेहुण्याला कळतं म्हणजे काय, तर तो टायरला लाथ मारतो, ॲक्सिलरेटर दाबून इंजिनाला दोन-तीनदा ओरडायला लावतो, ‘मशीन एक नंबर आहे’ म्हणतो आणि चहा कधी येतोय याची वाट बघत उभा राहतो. आमच्या सोसायटीत मात्र मेहुण्यांचं काही चालत नाही. आमच्याकडे नापासकाका आहेत.

काका पिंपरीतल्या एका कारखान्यात उभी हयात क्वालिटीत होते. समोर कास्टिंग आलं की ते व्हर्निअरने मोजायचं, गेज लावून बघायचं आणि केसाएवढा फरक निघाला तरी लाल रंगाचा फराटा ओढून बाजूला टाकायचं, हा त्यांचा दिनक्रम. प्रॉडक्शनवाल्यांनी त्यांच्या नावाने किती बोटं मोडली असतील ते त्यांनाच माहीत. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. काकांनी घड्याळ कानाला लावलं, ठीक वाटलं. मग नारळ हलवून बघितला. नारळ नापास झाला.

लाल रंगाचा डबा कारखान्यातच राहिला, फराटा ओढणारा हात मात्र घरी आला. सुरुवातीला त्याने भाजीवाल्यांवर भागवलं. पण फ्लॉवरचा गड्डा परत ठेवून माणसाला समाधान मिळून मिळून किती मिळणार? फ्लॉवरला चासी नंबर नसतो. मग कुणाच्या तरी मुलाने त्यांना जुनी गाडी बघायला बरोबर नेलं, आणि काकांना शोध लागला की जगात असाही एक माल आहे ज्यात खोट निघणारच याची आधीपासून खात्री असते. त्या दिवसापासून त्यांचे रविवार भरलेले आहेत.

काकांच्या लेखी गाडी म्हणजे सेडान. पुढे बॉनेट, मध्ये माणसं, मागे डिकी. हॅचबॅकला ते ‘अर्धी गाडी’ म्हणतात आणि उंच एसयूव्ही दिसली की ‘शिडी वेगळी घ्यावी लागते का?’ असं मालकालाच विचारतात. सेडानची वंशावळ त्यांना तोंडपाठ आहे. 1990 ची मारुती 1000, मग 1994 ची एस्टीम, 1998 मध्ये आलेली होंडा सिटी, 2006 ची व्हर्ना, 2014 ची सियाझ. 2008 च्या स्विफ्ट डिझायरबद्दलही त्यांचा सूर बरा असतो. पण 2012 मध्ये त्याच डिझायरची डिकी छाटली, कारण चार मीटरच्या आत बसणाऱ्या छोट्या इंजिनाच्या गाडीला अबकारी करात सवलत होती. हा प्रसंग सांगताना काकांचा आवाज खाली जातो. ‘कर वाचवायला शेपूट कापली हो,’ म्हणतात, आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या एखाद्या निरपराध डिझायरकडे बघून मान हलवतात.

एक मात्र ते खरं सांगतात, आणि माझं मतही तेच आहे. सध्या जो तो उंच गाडीच्या मागे आहे, म्हणून जुन्या बाजारात सेडान तिच्या लायकीपेक्षा स्वस्त मिळते. तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या उंच गाडीपेक्षा तिची मागची सीट ऐसपैस असते, हायवेला ती जमीन धरून चालते, आणि सिटी किंवा सियाझसारख्या गाडीच्या 510 लिटरच्या डिकीत चौघांच्या बॅगा जाऊन वर सासुरवाडीच्या तांदळाच्या पिशवीला जागा उरते.

काकांची तयारी शनिवारी रात्री सुरू होते. विकणाऱ्याला फोन जातो: ‘उद्या मी येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. हलवायचीही नाही.’ विकणाऱ्याला वाटतं, माणूस श्रद्धाळू आहे, मुहूर्त बघतोय. कारण वेगळंच असतं. गरम इंजिन आपली निम्मी दुखणी लपवतं. गार इंजिनाला पहिला स्टार्टर मारला की मागून कोणत्या रंगाचा धूर येतो, चेन खडखडते का, बॅटरी कण्हते का, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. म्हणून काका गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवतात. बॉनेट कोमट लागलं तर नमस्कार करून परत फिरतात. चहासुद्धा घेत नाहीत.

जाहिरातीतल्या शब्दांवर त्यांचा विशेष राग आहे. ‘डॉक्टर यूज्ड’ असं वाचलं की म्हणतात, ‘डॉक्टरने वापरली म्हणजे काय गाडीला सलाइन लावत होता? उलट रात्री दोनला फोन आला की गार इंजिनावर सुसाट पळवणारा तोच.’ ‘सिंगल हँड’ यावर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे: ‘असणारच. दुसऱ्या हातात मोबाइल होता.’ आणि ‘नो वर्क’ म्हणजे गाडीचं काही काम काढायचं नाही असं विकणाऱ्याला म्हणायचं असतं. काका त्याचा अर्थ ‘गेली चार वर्षं केलेलंच नाही’ असा लावतात. बऱ्याचदा तोच बरोबर निघतो.

त्यांच्या खांद्याच्या पिशवीत टॉर्च, काकूंचा हातातला आरसा, जुना रुमाल आणि फ्रिजवरून काढलेलं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं मॅग्नेट असतं. ही स्ट्रॉबेरी पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात बऱ्यापैकी कुप्रसिद्ध आहे. ओरखडा पडू नये म्हणून काका तिला रुमालात गुंडाळतात आणि दारं, फेंडर, छत, डिकी यांवरून हळूहळू फिरवत नेतात. जिथे ती घट्ट धरते तिथे पत्रा आहे. जिथे सुटून हातात येते तिथे पत्र्यावर लांबी भरलेली आहे, म्हणजे गाडी ठोकली होती आणि खड्डा ठोकून न काढता लिंपून बुजवला होता. एकदा एका नवख्या एजंटाच्या देखत स्ट्रॉबेरी बंपरवरून टपकन खाली पडली. पोरगा घाबरून म्हणाला, ‘काका, पाच हजार कमी करतो.’ काकांनी त्याला शांतपणे सांगितलं की बंपर प्लास्टिकचाच असतो. पाच हजार कमी करून घेतले नाहीत. या एका गोष्टीवरून काकांचा स्वभाव कळावा: त्यांना सवलत नको असते, खोट हवी असते.

मग दारांचे रबर ओढून आतले पिलर बघायचे. कंपनीच्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असतात, गॅरेजच्या वेल्डिंगला तो नेमकेपणा जमत नाही. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टच्या कडांवरचा रंग उडालेला असेल तर त्यांना पाना लागला आहे. सगळ्या काचांवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत साल छापलेलं असतं. समोरची काच दगड लागून फुटू शकते, ते काका माफ करतात. पण मागच्या दाराच्या काचेचं साल वेगळं निघालं की त्यांचा चेहरा उजळतो. ‘ही का फुटली असेल बरं?’ असं ते विचारतात, एखाद्या वकिलाच्या थाटात, आणि विकणारा खरंच घाम पुसू लागतो.

त्यांनी नापास केलेल्या गाड्यांचा इतिहास लिहायचा तर दिवाळी अंक पुरणार नाही. त्यांच्या आवडीची एक होती मुंबईची, रंगाने चंदेरी, आतून अत्तराचा दरवळ. अत्तर नाकात गेल्याबरोबर काकांनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत खेचून काढला. सीटबेल्टचा जो भाग कायम आत गुंडाळलेला असतो, तो धुवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. तिथे वाळलेल्या गाळाची सरळ रेघ होती. मग त्यांनी डिकीतली स्टेपनी उचलली, सीटच्या खालचे रूळ टॉर्चच्या उजेडात बघितले, सगळीकडे तांबेरा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबईकराला पाण्यात गेलेली गाडी म्हणजे काय हे समजलं. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरकरांनाही समजलं. अशी गाडी धुऊन-पुसून लांबच्या गावी विकायला येते. इंजिन एकवेळ चालतं, पण वायरिंगच्या सांध्यांत शिरलेलं पाणी पुढची दोन-तीन वर्षं हप्त्याहप्त्याने छळतं. आज काच खाली जात नाही, उद्या एअरबॅगचा दिवा लागतो, परवा गाडी चौकात बंद पडते. अशा गाडीला काका नापास करतात, आणि मीही म्हणेन की किंमत कितीही पडो, घेऊ नये.

दुसरी एक 38,000 किलोमीटर चाललेली. मीटर तसं सांगत होतं. ब्रेकच्या पॅडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत झालं होतं, स्टिअरिंग हाताच्या घामाने चकाकत होतं आणि ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड पार बसली होती. काकांनी गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फोन केला, तर शेवटच्या सर्व्हिसच्या वेळी, तीन वर्षांपूर्वी, आकडा लाखाच्या पुढे गेला होता. मीटर मागे न्यायला फार वेळ लागत नाही. सर्व्हिसच्या नोंदी मागे नेणं मात्र जमत नाही. आणखी एक डिझायर पूर्वी टॅक्सी म्हणून पिवळ्या पाटीवर पळालेली निघाली. छतावर कॅरिअरची बुजवलेली भोकं होती आणि आरसी नीट वाचली तर पहिली नोंद व्यावसायिक. दिल्ली पासिंगच्या स्वस्त गाड्यांकडे तर काका बघतही नाहीत. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या इतर राज्यांत उतरतात. फोनवर किंमत ऐकून माणूस हुरळतो. तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवी नोंदणी आणि एजंटाच्या फेऱ्या यांची बेरीज केली की हुरळणं थांबतं.

इंजिनाशी काकांचं बोलणं थोडं असतं, पण नेमकं. इंजिन चालू ठेवून ते ऑइलचं झाकण उघडतात. तिथून धुराचे भपके आले तर पिस्टन-रिंगा संपल्या. झाकणाच्या आत दह्यासारखा पांढरा थर दिसला तर पाणी आणि ऑइल एकत्र होत असण्याची शक्यता, म्हणजे हेड गास्केट. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा असेल तर इंधन नीट जळत नाही. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर कूलंट कुठेतरी शिरतंय. 1.3 लिटरच्या मल्टीजेट डिझेलबद्दल त्यांना जिव्हाळा आहे, कारण हे फियाटचं इंजिन इथेच रांजणगावलाही तयार होत होतं आणि स्विफ्ट, डिझायर, लिनिया, मांझा अशा कितीतरी गाड्यांत बसलं. 2020 मध्ये बीएस-6 आलं आणि मारुतीने ते बंद केलं. ‘दणकट,’ काका म्हणतात, ‘पण ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या माणसाकडे असेल तर चेन खडखडते आणि टर्बो शिट्टी घालतो.’ असा मालक ओळखायचा कसा? डिपस्टिक ओढून बघायची. ऑइल डांबर झालेलं असेल तर मालक ओळखला.

ड्राइव्ह हा सर्वांत गमतीचा भाग. काका रेडिओ बंद करायला लावतात, एसी बंद, बोलणं बंद. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल चक्कर. ‘कट-कट’ आवाज आला की ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट गेला. स्पीडब्रेकरवर ‘खड-खड’ आलं की लिंक रॉड, बुश, लोअर आर्म यांपैकी काहीतरी. पुण्यातले स्पीडब्रेकर महापालिकेने खास काकांसाठी बांधले असावेत, शंभर पावलांवर एक तपासणी केंद्र. सेडानचं पोट जमिनीच्या जवळ, म्हणून तिला या शहरात जास्त सोसावं लागतं. परत आल्यावर काका रस्त्यावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर आडवे होतात आणि काकूंचा आरसा गाडीखाली सरकवून ऑइल पॅनचे पोचे मोजतात. येणारे-जाणारे थांबतात. एकदा एका बाईंनी पाण्याची बाटली आणून दिली होती.

शेवटी कागद. इथे मात्र काका थट्टा करत नाहीत. आरसीवरचं नाव, इंजिन नंबर, चासी नंबर, कर्जाची (एचपी) नोंद, विमा, पीयूसी, बाकी राहिलेली ई-चलनं, सगळं सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून पडताळायचं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35. सीएनजी किट आरसीवर चढवलेलं नसेल तर ते बेकायदा, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला नकार द्यायला आयतं कारण. 2007 ते 2013 दरम्यानची सिटी असेल तर एअरबॅगच्या रिकॉलमध्ये तिचा चासी नंबर होता का आणि काम झालं का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर बघायचं. टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमुळे जगभर झालेल्या त्या रिकॉलमध्ये भारतातल्या सिटी गाड्याही होत्या. हे काम वर्कशॉपमध्ये फुकट करून मिळतं, तरी अजून काही गाड्या तशाच फिरतात.

एवढं सगळं खरं. आता काकांची दुसरी बाजू सांगायला हवी. काकांना बरोबर नेलेल्या माणसाने जुनी गाडी घेतली आहे, असं आमच्या सोसायटीत सहसा घडत नाही. रविवारमागून रविवार जातात, गाड्यांमागून गाड्या नापास होतात आणि शेवटी माणूस वैतागून कर्ज काढतो व नवीकोरी घेतो. आमच्या पार्किंगमध्ये नव्या गाड्या जास्त का, असा प्रश्न पाहुण्यांना पडतो. जवळच्या शोरूमने काकांना दिवाळीला भेट पाठवायला हरकत नव्हती. नव्या गाडीची डिलिव्हरी बघायलाही काका जातात. दोन गाड्या त्यांनी शोरूममध्येच परत पाठवल्या आहेत.

बी विंगमधल्या फिजिओथेरपिस्ट डॉक्टरने त्यांना सोबत नेलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात नव्या गाडीसाठी तिचं अभिनंदन करून टाकलं होतं. तिचे आईवडील कराडला. वडिलांना महिन्यातून एकदा पुण्यात तपासणीला आणायचं, त्यासाठी तिला मागची सीट मोठी असलेली पण खिशाला झेपणारी गाडी हवी होती. सातारा रस्त्यावर 2016 ची सिटी विकायला होती. पेट्रोल, एकच मालक, 46,000 किलोमीटर. काकूंना धनकवडीला बहिणीकडे जायचं होतं म्हणून त्याही निघाल्या, आणि मीही गेलो, कारण रविवारी सकाळी इतकी करमणूक दुसरीकडे मिळत नाही.

गाडीचे मालक निवृत्त मुख्याध्यापक निघाले. बॉनेट गार. आमच्या हातात चहा यायच्या आत सरांनी एक जाडजूड फाइल आणून टेबलावर ठेवली. प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारखेप्रमाणे, पानांना क्रमांक, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघ. लाल रेघ बघून काका चपापले. आपल्या आयुष्यात दुसऱ्याच्या हातची लाल रेघ त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असेल.

‘डाव्या फेंडरला रंग लागलाय,’ काका म्हणाले.

‘पान 41. गेटला घासली. विम्याचा क्लेम आहे, फोटोसह.’

‘ऑइल?’

‘दर वर्षी. किलोमीटर पूर्ण होवोत न होवोत. पान 12, 19, 27, 34, पुढेही आहे.’

काका बाहेर येऊन माझ्या कानात म्हणाले, ‘काहीतरी गडबड आहे. इतका खरा माणूस मी पाहिलेला नाही.’

पण कसलेला माणूस हार मानत नाही. काकांनी टायरवरचे चार आकडे वाचले: 3116. म्हणजे 2016 च्या 31 व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी भरपूर शिल्लक होती, त्यामुळे कुणीही फसलं असतं, पण रबर कडक झालं होतं आणि कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज काकांनी तिथेच उभ्या उभ्या मोडीत काढला. उभी राहून गाडीचे टायर म्हातारे होतात, बॅटरी मरते, रबराचे पाइप सुकतात आणि बॉनेटखाली उंदीर संसार थाटतात. पुढे पाहिलं तर खरंच एका वायरवर टेप गुंडाळलेली. सर म्हणाले, ‘पान 52. उंदीर.’ पुढच्या उजव्या बुशचा आवाज होता. मागच्या डाव्या काचेचं बटण दोनदा दाबावं लागत होतं. बॅटरी पाचव्या वर्षात.

काकांनी वहीत सगळं लिहिलं आणि खाली रेघ ओढली. चेहऱ्यावर समाधान होतं. ‘डॉक्टर, सहा खोटी. नापास. चला.’

इतका वेळ काकू कुठे होत्या, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्या गाडीत मागच्या सीटवर बसून होत्या. ड्राइव्हच्या वेळीही तिथेच होत्या. माझ्या आठवणीत काका, एजंट, मेहुणे यांच्यापैकी कुणीही जुनी गाडी बघताना मागच्या सीटवर बसलेलं नाही. फॅमिली कार म्हणून घ्यायची आणि फॅमिली जिथे बसणार ती जागा सोडून सगळं तपासायचं, असा रिवाज आहे.

‘पाय पुरतात,’ काकू आतून म्हणाल्या. ‘एसीचा वारा मागेपर्यंत येतोय. सीट खाली आहे, त्यामुळे उतरताना गुडघ्यावर जोर येतो, पण वरची मूठ धरली की जमतं. तुझ्या बाबांचे गुडघे कसे आहेत गं?’

‘गुडघे मी बघते, काकू,’ डॉक्टर हसून म्हणाली. ‘मणक्याचं दुखणं आहे. त्यांना रेलून बसायला मिळालं पाहिजे.’

‘मग रेलायला छान आहे.’ आणि काकांकडे वळून, ‘अहो, तुमच्या कंपनीत ते डेव्हिएशन नव्हतं का?’

काका गप्प झाले. कारखान्यात काम केलेल्यांना हा शब्द सांगायला नको. माल ड्रॉइंगप्रमाणे नाही, पण जिथे बसवायचा आहे तिथे चालणार आहे, अशा वेळी काय कमी आहे ते कागदावर लिहून, सही करून तो पुढे सोडतात. काकूंनी हा शब्द काकांच्याच तोंडून ताटावर बसून वर्षानुवर्षं ऐकला होता, बहुतेक वेळा शिव्यांसकट. कारण काकांनी नापास केलेला माल वरचे साहेब डेव्हिएशनवर सोडायचे आणि काकांना रात्री जेवण जायचं नाही.

बराच वेळ गेला. मग काकांनी वहीचं पान उलटलं आणि खोटांसमोर पहिल्यांदाच रुपये मांडले. चार टायर 24,000. बॅटरी 5,500. बुश आणि मजुरी 6,500. फेंडरचं काम चांगलं झालंय, शून्य. वायर शून्य. काचेचं बटण 1,000. खाली बेरीज मांडून वही सरांपुढे सरकवली. सरांनी चष्मा लावला, बेरीज तपासली आणि म्हणाले, ‘38,000 नाही, 37,000.’ काकांच्या वहीत, काकांच्या देखत, त्यांनी लाल पेनाने गोल केला.

सौदा मागितलेल्या किमतीतून 32,000 वजा करून ठरला. माझ्या मते दोघांनाही परवडला. पाण्यात गेलेली, वाकलेल्या चासीची किंवा कागद घोटाळ्यातली गाडी कोणत्याही वजाबाकीने सरळ होत नाही. बाकी बहुतेक खोटांचा गॅरेजमधला दर ठरलेला असतो आणि तो किमतीतून कापून घेता येतो. ही गोष्ट सांगायला काकांच्या सगळ्या रविवारांत कुणीतरी मागच्या सीटवर बसायला हवं होतं.

कागदांचं काम काकांनी स्वतः अंगावर घेतलं. फॉर्म 29 च्या दोन प्रती, फॉर्म 30, दोन्ही चाव्या. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावायला अर्ज करायचा, हे त्यांनी दोघांनाही वाचून दाखवलं. सरांना तर त्यांनी 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही ऐकवला: गाडी विकली तरी आरसीवर नाव जुन्याचंच असेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच नोंदणीकृत मालकावर येते. सरांनी तो टिपून घेतला, पान 58. विम्यावर नाव बदलायला डॉक्टरनेही चौदा दिवसांत अर्ज केला. नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो मालकाचा असतो. म्हणून सरांनी आपला बोनस काढून घेतला आणि डॉक्टरला फरकाचे पैसे भरावे लागले. ते भरताना तिची जरा कुरकुर झाली, पण नियम तसा आहे.

गाडी आता आमच्या पार्किंगमध्ये असते. टायर नवे आहेत. वडील मागच्या सीटवर रेलून कराडहून येतात. काकांना विचारलं, की काका, शेवटी एक गाडी पास केलीत, तर ते ताडकन म्हणतात, ‘पास नाही केली. डेव्हिएशनवर सोडली.’ पुढच्या रविवारी ते हडपसरला एक व्हर्ना बघायला गेले होते. तिचं काय झालं हे विचारायची गरज नाही.

एकच गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. डॉक्टर पहिल्यांदा कराडला जाऊन आली त्या रात्री सरांचा फोन आला. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, जातायेता सहा वेळा त्यांच्या खात्यातून टोल कापला गेला होता. काकांनी समोरच्या काचेवरचं साल भिंग लावून वाचलं होतं. त्याच काचेवर वर चिकटवलेला सरांचा फास्टॅग त्यांना दिसला नाही. विकणाऱ्यांनो, चावी हातात देण्याआधी आपला फास्टॅग बंद करा. घेणाऱ्यांनो, आपल्या नावाने नवा घ्या. डॉक्टरने सहाही टोलचे पैसे त्याच रात्री पाठवले. सरांनी तारीखवार तपशील मागितला आहे, फाइलला लावायला.